गळ एक, प्रशिक्षक तेवीस

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी आहेत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही एक आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही दुसरी. पहिली आम्ही जरा हळू म्हणतो, दुसरी कॉलर सरळ करून. पण अमेरिका दोन्हींत कुठंच नाही. त्यामुळे टेक्सासातून पुतण्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "काका, पोराचं शाळेच्या टीममध्ये सिलेक्शन झालं," तेव्हा आमची तयारी नव्हती.

"कशाच्या टीममध्ये?" मी विचारलं. क्रिकेट म्हणाला तर 'अभिनंदन', बास्केटबॉल म्हणाला तर 'उंची वाढेल' आणि बुद्धिबळ म्हणाला तर 'डोकं आपल्या घराण्याचं' अशी तीन उत्तरं मी जिभेवर ठेवली होती.

"मासे धरायच्या."

तिन्ही उत्तरं गिळली. फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींनी विचारलं, "शाळेतून काढलं का हो लेकराला?"

चूक त्यांची नव्हती. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. त्यातली निदान दहा वर्षं ओढ्याच्या काठावरून, पाझर तलावाच्या भिंतीवरून, कॅनॉलच्या कडेवरून पोरं हुडकून वर्गात आणण्यात गेली. ती मासे धरत होती, मी त्यांना धरत होतो, आणि दोन्ही पक्षांच्या हाती फारसं काही लागलं असं म्हणता येणार नाही. शाळेच्या वेळेत तळ्यावर सापडलेल्या पोराचा सत्कार आम्हीही करायचो, फक्त शाल-श्रीफळ नसायचं.

पुतण्यानं मग तासभर समजावलं. तिकडे शाळाशाळांच्या मासेमारीच्या लीग आहेत. इलिनॉय राज्यानं 2009 साली हा प्रकार शालेय खेळांत रीतसर घेतला आणि राज्य अजिंक्यपद भरवलं. मग बाकीची राज्यं एकामागून एक लागली. एका नावेत दोन पोरं आणि नाव हाकायला एक मोठा माणूस. त्याला कॅप्टन म्हणायचं. हा कॅप्टन बहुतेक वेळा कुणाचा तरी बाप असतो आणि नावेचे हप्ते तोच भरत असतो. पहाटे अंधारात नावा रांगेला लागतात, नंबर पुकारला की एकेक सुसाट सुटते. मासा एकाच जातीचा, बास नावाचा. दिवसभरात कितीही धरा, हिशेबात साधारण पाचच धरतात, ते सगळ्यात मोठे. ते नावेतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. टाकीत हवा सोडणारं यंत्र असतं. मासा मेला तर वजनातून दंड कापतात. दुपारी काठावर आणायचे, सगळ्यांसमोर काट्यावर ठेवायचे, टाळ्या घ्यायच्या.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग सोडून द्यायचे."

"कुठं?"

"तळ्यात, काका."

आतून कढईतलं उलथणं वाजायचं थांबलं. "मग धरले कशाला?"

हा प्रश्न आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला. पुढे तो जिंतूर तालुक्यानं विचारला. ते यथावकाश येईलच.

मी मास्तर माणूस. विषय समजला नाही की मुळाशी जातो. या सगळ्याचं मूळ अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या गृहस्थाशी सापडलं. हे गृहस्थ विमा एजंट. 1967 साली त्यांनी अर्कान्सातल्या बीव्हर तलावावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना काढली, आणि 1972 पासून 'धरा आणि सोडा' हे धोरण स्पर्धेत आणलं. यातलं पहिलं वाक्य वाचलं तेव्हाच मला सगळं कळून चुकलं. निवांत बसलेल्या माणसाला उठवून कामाला लावायचं, हे विमा एजंटाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार? तोपर्यंत माणूस तळ्याकाठी बसलेला असे आणि कुणी 'काय चाललंय' विचारलं की हातातला गळ दाखवत असे. काहीही न करता दिवसभर बसण्याची जगाला मान्य असलेली ती एकमेव सबब होती. तीही गेली.

आता पुतण्याची तक्रार वेगळीच होती. ज्या सॅम रेबर्न जलाशयावर पोरगा जातो, तोही धरणाचाच. 1965 सालचा, म्हणजे 1968 साली झालेल्या आमच्या येलदरी धरणाहून तीन वर्षांनी थोरला. पण शनिवार आला की त्यावर शाळांची स्पर्धा, कॉलेजांची स्पर्धा, क्लबांची स्पर्धा, बक्षिसाच्या रकमेवर जगणाऱ्यांची स्पर्धा. नावा पाण्यात उतरवायच्या उतारावर गाड्यांच्या रांगा. एकेका आडोशाला चार-चार नावा तोंडाला तोंड लावून उभ्या. जन्मभर त्याच खडकावर बसून मासे धरणारे म्हातारे तर घरीच बसायला लागले म्हणे. "काका, तुम्हाला सांगतो, पाण्यात पाय ठेवायला जागा नाही."

हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. आमच्याकडे पाय ठेवायला जागा असते, पाणी नसतं.

"पण यातून पुढे काय?" मी मुद्द्यावर आलो.

"काही कॉलेजं मासेमारीवर शिष्यवृत्ती देतात."

मग मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर लातूर पॅटर्न! पहाटे पाचला पोराला उठवणारा बाप, डबा घेऊन मागे धावणारी आई, शेजारच्याच्या पोराचे मार्क तोंडपाठ, सुट्टीत क्रॅश कोर्स, आणि 'एवढी दोन वर्षं काढ रे राजा, मग आयुष्यभर आराम' हा मंत्र. फरक एवढाच की आमची पोरं आरामासाठी घासतात आणि तिकडची पोरं आराम करायच्याच गोष्टीत घासतात. बरं, नावेवर सोनार बसवलेला असतो. पाण्याखाली मासा कुठं आहे, किती खोल आहे, तोंड कुणीकडं आहे, सगळं पडद्यावर दिसतं. म्हणजे पेपर फुटलेलाच.

आणि पेपर फुटला तिथं कॉपी आलीच. 2022 साली ओहायोत ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत दोघांचे मासे दिसायला जेमतेम आणि काट्यावर भलतेच जड भरले. पंचानं सुरी घातली, तर माशांच्या पोटातून शिशाच्या गोळ्या निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, दोघांनी गुन्हा कबूल केला, नावही गेली. ही बातमी मी आमच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली. कट्ट्यावरचे सगळे कापूस आणि ऊस घालण्यात पिकलेले. कुणालाही नवल वाटलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "गुरुजी, काटा आला की काटामारी आली. मासा काय अन् ऊस काय!" एवढ्या थोडक्यात सगळं क्रीडाशास्त्र मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात पुतण्या पोराला घेऊन परभणीला आला. पोरगं पंधरा वर्षांचं, सहा फुटी, गुणी. मराठी समजतं, बोलताना क्रियापद शोधावं लागतं. सामानात एक लांबलचक नळकांडं होतं. विमानतळावर दोनदा उघडायला लावलं म्हणे. त्यात तीन काठ्या, त्यांना चकचकीत फिरक्या. शिवाय एक पेटी. पेटीत कप्पे आणि कप्प्यांत खोटं प्राणिसंग्रहालय: प्लॅस्टिकचे बेडूक, लाकडी मासोळ्या, झालर लावलेले खेकडे आणि रबरी गांडुळं. गांडुळांना लसणाचा वास. मंडळींनी एक हातात घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "लसूण एवढा घातलाय, तर जिऱ्याची फोडणी तेवढी राहिली बघा."

"आजोबा, इथं पब्लिक लेक कुठं आहे?" पोरानं विचारलं.

हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही. येलदरीचंच घ्या. पूर्णा नदीवरचं धरण, साडेबावीस मेगावॉटचं वीजघर, मागे मैलोगणती पाणी. पण पाणी जलसंपदा खात्याचं. पाण्यातला मासा मत्स्यव्यवसाय खात्याच्या हिशेबात, आणि तो ठेक्यानं दिलेला मच्छीमार सहकारी संस्थेला. मत्स्यबीज संस्था सोडणार, बोटुकलीचा मासा झाला की संस्थाच धरणार. तळाची जमीन कुणाच्या तरी आजोबांची, त्यांची नावं आता जुन्या सातबाऱ्यावर. पलीकडचा काठ 1 मे 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात गेला. तेव्हा पाण्यातला मासा सकाळी परभणीचा असतो, दुपारी हिंगोलीचा, आणि त्याच्याकडे रहिवासी दाखला कुणी मागत नाही. राहता राहिलं पब्लिक. तर पब्लिकची फक्त गर्दी.

ही गर्दी बघायची तर पावसाळ्यात यावं. येलदरी दरवर्षी भरतं असं नाही. वर बुलढाण्यात खडकपूर्णा धरण आहे. थोरल्या भावाचं ताट भरल्याशिवाय धाकट्याला वाढत नाहीत, तसं ते भरल्याशिवाय आमच्याकडे थेंब यायची मारामार. 2016 चा उन्हाळा आठवतो. मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी गेलं तो उन्हाळा. तेव्हा मराठवाड्यात गळ टाकायचा म्हटलं तर आधी तळं हुडकायला माणूस पाठवावा लागला असता. म्हणून एखाद्या वर्षी धरण भरतं आणि दरवाजे उघडतात, तेव्हा जिल्हा लोटतो. जीपा, ट्रॅक्टर, एकेका फटफटीवर चौघं. कणसं भाजणारे येतात, भजीवाले येतात, पोलीस येतात. सेल्फी काढणाऱ्यांना पोलीस मागे रेटतात आणि जरा वेळानं स्वतःचा एक काढतात. तिकडे माणसं माशासाठी गर्दी करतात. आमची गर्दी नुसतं पाणी दिसलं म्हणून. ज्यानं पाणी विकत घेऊन प्यायलंय त्याला ते बघायला तिकीट लावलं तरी चालेल.

तर एका रविवारी आम्ही जिंतूरमार्गे येलदरीला गेलो. संस्थेचा एक माणूस काठावर होता. त्याला म्हटलं, "पाहुणं पोरगं आहे, गळ टाकू का?" त्यानं काठ्या बघितल्या, पेटी बघितली, पोराच्या टोपीवरची माशाची आकृती बघितली आणि म्हणाला, "टाकू द्या की लेकराला. यानं काय जायलंय आमचं?" यात परवानगी किती आणि अंदाज किती, हे मला संध्याकाळी कळलं.

पोरानं पहिली फेक केली. सुर्र करून तार गेली आणि चाळीस-पन्नास हातांवर प्लॅस्टिकचा बेडूक टपकन पडला. अशी फेक येलदरीनं पाहिली नसावी. शेळ्या राखणारे दोघं उठून आले. धरण बघायला आलेली सेलूची जीपभर मंडळी खाली उतरली. कपडे धुणाऱ्या बायांनी आपटणं थांबवलं. दोन फटफट्या थांबल्या, तिसरी 'काय झालं, कोण बुडालं' विचारत आली. दहा मिनिटांत मी मोजलं: गळ एक आणि प्रशिक्षक तेवीस.

"तिकडं टाक, तिकडं, झुडपाखाली." "तिकडं काय हाय? इकडं टाक." "ओढू नको रे, बसू दे त्याला." "अरे ओढ ओढ, गेला!" "काही नव्हतंच." "ऊन जास्त झालंय, चारनंतर लागतो." "चारनंतर? पहाटं लागतो. माझ्या मेहुण्यानं सात किलोचा काढला होता." "तुझ्या मेहुण्यानं इकत आणला होता." पोरगं प्रत्येक सूचना मान हलवून ऐकत होतं आणि तेवीसही सूचना एकाच वेळी अमलात आणत होतं. तिकडच्या स्पर्धेत नावेत मोठा माणूस एकच असतो, असं त्यानं मला हळूच सांगितलं. मी म्हटलं, "बाळा, इथं प्रशिक्षकाशिवाय नाव नसते."

दोन तास गेले. बेडूक झाला, खेकडा झाला, मासोळी झाली, लसणाचं गांडूळ झालं. मासा नाही. कारण साधं होतं, पण तेवीस जणांत ते कुणी सांगितलं नाही. तिकडचा बास शिकारी मासा. हलेल त्यावर धावतो. आमच्या धरणात संस्थेनं सोडलेले कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात राहतो आणि वरच्या वर बारीकसारीक टिपतो. रोहू मधल्या थरात जे मिळेल ते चरतो. मृगळ तळाला गाळ चाळत बसतो. मंत्रालय, जिल्हा कार्यालय आणि तलाठी सज्जा अशी ही सरळ व्यवस्था. यातलं कुणीही जागेवरून उठून प्लॅस्टिकच्या बेडकामागे धावणार नाही. बेडकावर झेप घेणारा आमच्याकडे मरळ, आणि तो त्या दिवशी बहुधा रजेवर होता.

तेवढ्यात पाण्यातून एक म्हातारा आला. जुन्या पोत्यात गुंडाळलेल्या थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून, हातातल्या फळीनं पाणी मागे सारत. जाळं बाजूला, पिशवीत सकाळची धरलेली. भोयाचा जुना माणूस. साठीच्या पुढचा, अंगाला गुंजभर मांस जास्त नाही. तो काठाला लागला, तराफा वर ओढला आणि पोराच्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिला. झालर लावलेला खेकडा उचलून उन्हात धरला.

"हे कशाला हो गुरुजी?"

"माशाला फसवायला, मामा."

त्यानं खेकडा जागेवर ठेवला. "लेकरा," तो पोराला म्हणाला, "मासा जेवायला येतो. नाटक बघायला नाही येत."

मग त्यानं काठावर पडलेलं ज्वारीचं एक वाळलं धाट उचललं. दातांनी वरची साल सोलली. आत पांढरंशुभ्र भेंड निघालं. लहानपणी आम्ही ज्याच्या बैलगाड्या करायचो तेच. बोटभर तुकडा तोडला, ब्लेडनं मधोमध चीर दिली, पोराच्या महागड्या तारेचा एक पेड चिरेत बसवला आणि वर सालीचा एक वेढा दिला. काठच्या ओलीत बोट घातलं, गांडूळ काढलं, खरंखुरं, बिनलसणाचं. आकड्यात ओवलं. "दूर नाही टाकायचं. हितंच. अन् आता बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य पोराला नव्हतं, आम्हाला होतं.

भेंड पाण्यावर उभं राहिलं. पांढरा ठिपका, एवढासा. कुणीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता गंमत अशी की सोनारच्या पडद्यावर मासा दिसतो, त्यामुळे त्याची वाट बघावी लागत नाही. भेंडावर काहीच दिसत नाही. नुसतं ते उभं असतं आणि आपण बघत राहतो. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. बायांचं आपटणं पुन्हा सुरू झालं, शेळ्या पांगल्या, सेलूच्या मंडळींतल्या एका आजोबांनी धोतर सावरून बैठक मारली. तेवीसच्या तेवीस माणसं एका बोटभर भेंडाकडे बघत गप्प बसली. आमच्या ग्रामसभेला हे कधी जमलेलं नाही.

भेंड थरथरलं. "थांब," म्हातारा ओठांतल्या ओठांत म्हणाला. ते आडवं झालं. "थांब." मग ते सरळ खाली गेलं आणि म्हाताऱ्यानं पोराच्या पाठीवर नुसतं बोट टेकवलं.

चिलापी होती. तळहाताएवढी.

जल्लोष मात्र मगरीएवढा झाला. फटफटीवाल्यानं हॉर्न वाजवला. पोरानं खिशातून इवलासा काटा काढला, मासा त्यावर टांगला, 180 ग्रॅम. फोटो काढला. मग तो वाकला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात ठेवला आणि सोडून दिला.

क्षणभर काहीच आवाज झाला नाही. आणि मग तेवीस तोंडांतून, शेळ्यावाल्यापासून सेलूच्या आजोबांपर्यंत, एकमुखानं:

"आरं, मग धरला कशाला?"

मी पोराच्या वतीनं खुलासा करायचा प्रयत्न केला. संवर्धन, पुढच्या पिढ्या, तिकडची पद्धत. शेळ्यावाला म्हणाला, "गुरुजी, म्हंजे नुसतं त्याचं वजन करायला वर बोलावलं व्हय? अन् त्यासाठी तोंडात आकडा?" याचं उत्तर अमेरिकेतही कुणी दिलेलं मला सापडलं नाही. शेवटी म्हाताऱ्यानंच मिटवलं. "ऱ्हाऊ द्या हो. तळ्यातच गेलाय, कुठं पुण्याला गेलाय? उद्या येईल मपल्या जाळ्यात."

पोराला एक विचारायचं होतं. "आजोबा, यांचा पर्सनल बेस्ट किती?"

मी भाषांतर केलं, "मामा, आजवरचा सगळ्यात मोठा मासा कोणता?"

म्हातारा विचारात पडला. त्याला प्रश्न कळला नव्हता असं नाही; असा प्रश्न असू शकतो हे कळत नव्हतं. "मोठा काय करायचा? मोठा जाळं फाडतो. किलो-सव्वा किलोचा बरा, त्याला गिऱ्हाईक असतंय."

येताना गाडीत मी पोराला सांगितलं की हौशी गळवाले महाराष्ट्राला नवे नाहीत. मुंबईत पवई तलावावर त्यांची संघटना कितीतरी वर्षांपासून आहे. आणि रायगडात महाडकडे वाळणकोंड म्हणून डोह आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी गळ लावत नाही, माणसं लांबून येतात आणि फक्त खाऊ घालून जातात. "स्पर्धा?" पोरानं विचारलं. "असते," मी म्हटलं, "माशांमध्ये. आधी कोण खातो याची."

प्रकरण इथंच संपायला हवं होतं. पण तेविसांतल्या एकानं त्याचं रील केलं होतं. आठवड्यात ते आमच्या गल्लीपर्यंत आलं आणि त्यामागोमाग एक तरुण कार्यकर्ते आले. पांढरे कपडे, गळ्यात चेन, मागे चौघं. "गुरुजी, आपण जिल्हास्तरीय गळ स्पर्धा घेऊ. युवकांसाठी. भव्य दिव्य. साहेबांच्या नावानं चषक."

हॉटेलात बैठक बसली. मी आजवर पाहिलेली सगळ्यात वेगवान बैठक. बॅनरचा आकार पाच मिनिटांत ठरला. डीजे ठरला. पहिलं बक्षीस बोकड, दुसरं गावरान कोंबडे. मासे धरणाऱ्याला बोकड का, असं मी विचारलं, तर "मासा कोण खातंय एवढा?" असं उत्तर आलं. दिवसावर जरा अडलं. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत चालत नाही. एकादशी आणि संकष्टी सोडायची. बुधवारी शाळा. रविवार काढला, तर त्या दिवशी साहेबांना चार लग्नं. शेवटी साहेब लग्नातून लग्नात जाताना गळ टाकून जातील असं ठरलं.

म्हातारे मामा कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांना सल्लागार म्हणून आणलं होतं, पण सल्ला विचारायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांनी आपणहून विचारलं, "डीजे लावल्यावर मासा कडंला कामून येईल?"

बैठक थबकली. खरंच, मासा हा विषय पत्रिकेवरच नव्हता.

"येत नसेल तर आणू," कार्यकर्ते म्हणाले. "बाजारातून दोन क्विंटल रोहू आणून सोडू तळ्यात."

"तो आंध्रातून येतो," मामा म्हणाले. "बर्फात. मेलेला असतो."

"मग तर गळाला लावायला सोपाच की!"

यावर सगळे समाधानानं हसले. मला तेव्हा ओहायोचे ते दोघं आठवले. बिचारे शिशाच्या गोळ्या भरत बसले. आमच्याकडे आले असते तर पूर्ण मासाच बर्फातून मिळाला असता.

स्पर्धा झाली नाही. पाण्यामुळे नाही, संस्थेच्या ठेक्यामुळे नाही, माशामुळे तर नाहीच. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून झालं. दोन गट पडले, दोघांनी वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळा चषक जाहीर केला आणि दोन्ही बॅनर शेजारी शेजारी, उन्हानं फिके पडेपर्यंत लटकत राहिले. येलदरीचे मासे गटबाजीमुळे वाचले. सहकाराला जे जमलं नसतं ते राजकारणानं केलं, असा प्रसंग आमच्या जिल्ह्यात विरळाच.

परवा पुतण्याचा फोन आला. आवाज काळजीचा.

"काका, तुम्ही याला तिकडे काय शिकवलंत?"

"का रे?"

"येताना त्यानं ते ज्वारीच्या धाटाचं काहीतरी आणलं. कस्टम्सला कसं चुकवलं कुणास ठाऊक. आता स्पर्धेत तर तसलं चालत नाही, फक्त खोटंच आमिष लागतं. म्हणून हा रविवारी घरामागच्या डबक्यावर जातो. एकटाच. ते पांढरं पाण्यात सोडतो आणि बसतो. मोबाइलपण नेत नाही. परवा तीन तास बसला. मी विचारलं किती धरले, तर म्हणतो मोजले नाहीत. सोनार नाही, वजन नाही, पॉइंट नाहीत. पुढच्या शनिवारी राज्य स्पर्धेची निवड आहे आणि हा नुसता बसतो. काय करू?"

फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. आतून मंडळी म्हणाल्या, "बसू दे की. कुणाचं काय घेतोय?"

पुतण्या माझ्या उत्तराची वाट बघत होता. काठावर बसलेल्या पोरांना दहा वर्षं बखोटीला धरून वर्गात आणलेला मी माणूस. काहीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. मी फोन कानाशी धरला आणि बराच वेळ काहीच न बोलता बसून राहिलो.

"काका? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "बसलोय."